शलाकाच्या गळ्यातला उजेड

रेवती मगदूमने शलाकाच्या मानेभोवती पट्टा बांधला, बटण दाबलं आणि पडद्यावर जे उमटलं ते पाहून तिच्या पोटात दुखलं. दोन नाजूक स्वरतंतू श्वासाबरोबर उघडत होते, मिटत होते, आणि त्यांतला डावा काठोकाठ हिरव्या उजेडाने भरला होता. मिरजेतल्या या खोलीत रेवतीने आजवर शेकड्याने गळे पाहिले होते. वर्गात ओरडून बसलेले मास्तरांचे, तंबाखूने पोळलेले, निवडणुकीत घोषणा देऊन फाटलेले. सगळे लालसर, ओले, कौतुकाने बघावं असं त्यांत काही नसायचं. पण शलाकाचं सगळंच निराळं. बाईचा गळा आतूनसुद्धा देखणा निघावा, याला काय म्हणायचं!

शलाकाला बोलायची बंदी होती. तिने मोबाइलवर टाइप करून विचारलं, "कसं दिसतंय?"

"बरं दिसतंय," रेवती म्हणाली. 'सुंदर' हा शब्द तिने गिळला.

शलाका बेडगकर म्हणजे तारसप्तकाची राणी, असं वर्तमानपत्रं लिहायची. तिचा तार षड्ज लागला की लोक खुर्चीत पुढे सरकायचे. मग एका दौऱ्यात ती तापात गायली, डाव्या स्वरतंतूत रक्त उतरलं, ते भरताना घट्ट वण धरला आणि वरचे स्वर फाटू लागले. पूर्वीच्या काळी इथेच कारभार आटोपला असता. पण डॉ. नसरीन तांबोळींनी तो वण कापून काढला, शलाकाच्या गालाच्या आतल्या पेशी वाढवल्या आणि एका खास जेलीत मिसळून रिकाम्या जागेत भरल्या.

ती जेली म्हणजे एक पॉलिमर. लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं यांची लांबच लांब साखळी. तिचे दोन गुण. पहिला असा की तिला अंगचाच उजेड असतो, वेगळा रंग मिसळावा लागत नाही. पट्ट्यातल्या दिव्याचा प्रकाश तिच्यावर पडला की ती आपला प्रकाश परत फेकते. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून सहज बाहेर येतो. कॅमेरा तो टिपतो आणि आपल्या सोयीसाठी पडद्यावर हिरवा करून दाखवतो. दुसरा गुण असा की ती हळूहळू विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते.

डॉ. तांबोळी पेशंटना सेंटरिंगचं उदाहरण द्यायच्या. स्लॅब ओतताना खालून फळ्या लावतात, काँक्रीट धरलं की काढून घेतात. इथे फळ्या आपोआप विरघळतात, आणि पेशी त्यांच्या जागी शरीराचे स्वतःचे धागे विणतात. हिरवा उजेड म्हणजे उरलेलं सेंटरिंग. उजेड कमी होतोय, म्हणजे नवं मांस भरतंय.

पण मेख पुढे होती. हे धागे कोणत्या दिशेने विणायचे ते पेशींना कुणी सांगत नाही. जिकडे ताण पडेल तिकडे त्या विणत जातात. वरच्या स्वरांत स्वरतंतू ताणून लांब, पातळ होतो, तेव्हा धागे लांबीच्या दिशेने सरळ बसतात आणि पुढे आयुष्यभर तसा ताण सोसतात. खालच्या स्वरांत तो सैल आणि जाड असतो. तिथेच राहिलं तर धागे आडवेतिडवे पडतात. मग आवाज भरदार होतो खरा, पण वर जायचं नाव घेत नाही.

"म्हणून आता रोज मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत हळू मींड, स्वर न तोडता सरकत," डॉक्टरांनी रेवतीला बजावलं होतं. "जोर नको, पण रोज. उजेड आहे तोवरच वळण लागेल. मधे सूज दिसली तर थांबवा. ते मात्र तुम्ही ठरवायचं, रेवतीताई. गाणाऱ्याचा गळा तुमच्याइतका मला कळत नाही."

डॉक्टरांना एवढंच ठाऊक होतं की रेवती स्वरचिकित्सक आहे आणि शलाकाची गुरुभगिनी आहे. गुरुभगिनी म्हणजे काय चीज असते, ते डॉक्टरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

*

दोघींच्या गुरू अक्का सतारमेकर गल्लीच्या मागे राहायच्या. रेवती त्यांच्याकडे परकरात असताना गेली. अक्कांनी तिला पहिले दोन हिवाळे नुसता खर्ज दिला. पहाटे उठायचं, तानपुरा घ्यायचा आणि खालच्या षड्जावर बसून राहायचं. खर्ज म्हणजे गवयाचं दूध-तूप, अशी त्या घराची श्रद्धा. रेवतीने तक्रार केली नाही.

मग शलाका आली. महिनाभरात अक्कांनी तिला तार षड्जावर नेलं. रेवतीने धीर करून विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "तिचा गळा उडतोय गं, त्याला कशाला बांधून घालू? तू पाया हाईस. पाया कुणालाबी जमत न्हाई."

आता पाया व्हायला कुणाला आवडतं? लोक तिकीट काढून येतात ते गच्चीवरून दिसणारं बघायला. पुढची सगळी वर्षं शलाका पुढे बसून गायली आणि रेवती तिच्या मागे तानपुरा घेऊन बसली. शलाका वर गेली की खालचा षड्ज रेवतीने धरायचा. टाळ्या पडायच्या तेव्हा रेवती हसायची, कारण मागे बसणाऱ्याने हसायचं असतं. शेवटी तिने वाचा-उपचाराची पदवी घेतली, दवाखान्यात नोकरी धरली आणि गाणं हौसेपुरतं ठेवलं. लोकांना वाटलं, निवळली. कसली निवळतेय! शलाकाचा फोटो छापलेल्या कागदात भजी बांधून आली तरी तिचा घास कडू व्हायचा.

आणि आता कार्तिकात अक्कांच्या गुरूंची पुण्यतिथी होती. दिवसभर गाणं आणि शेवटची बैठक मानाची. ती वर्षानुवर्षं शलाकाचीच. यंदा अक्कांनी सांगून टाकलं, "शलाकाचा गळा आला तर ती गाईल. न्हाई आला, तर रेवा."

रेवतीला आयुष्यात पहिल्यांदा मान मिळाला, तोही शलाकाच्या नसण्यावर टांगलेला.

*

पहिल्या आठवड्यात खरोखरच सूज आली. पडद्यावर हिरव्या उजेडाच्या कडा धूसर झाल्या. रेवतीने मींड थांबवली आणि हळू आवाजात नुसता खर्ज करायला सांगितलं. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. कुणीही तेच केलं असतं.

पुढच्या आठवड्यात कडा स्वच्छ झाल्या होत्या. शलाका समोर मांडी घालून बसली होती, विद्यार्थ्यासारखी पाठ सरळ करून. रेवती तोंड उघडून 'आजपासून वर जाऊ' असं म्हणणार होती.

"अजून जरा खर्जच करू," ती म्हणाली.

"अक्कापण तेच म्हणत होत्या," शलाका घोगऱ्या आवाजात म्हणाली. आता थोडं बोलायची मुभा होती. "म्हणाल्या, खर्जानं कधी कुणाचं वाईट झालेलं न्हाई."

बघा, गंमत कशी असते. विष द्यायचं म्हटलं तर धरले जाण्याची भीती असते. पण खर्ज द्यायचा म्हटलं तर गाण्याच्या मुलखात सगळे मान डोलावतात. अक्का खूश, शलाकाचा नवरा खूश, साथीदार म्हणायचे, रेवतीताई किती पाठीशी उभ्या राहिल्या बघा. शलाकाच्या गळ्यातलं सेंटरिंग वितळत होतं आणि धागे आडवे पडत होते, हे फक्त एका माणसाला दिसत होतं.

शलाकाने एकदाच विचारलं, "रेवा, वर कधी जायचं गं? माझा जीव वर अडकलाय."

"सूज आहे."

"अजून? बघू मला."

रेवतीने पडदा तिच्याकडे वळवला. वळवण्याआधी मात्र तिने त्या पहिल्या आठवड्याचं चित्र उघडलं होतं. "ह्या कडा बघ. धूसर आहेत ना?"

शलाकाने बघितलं आणि मान डोलावली. "तू म्हणशील तसं." एवढा विश्वास! रेवतीला क्षणभर स्वतःची शिसारी आली. पण ती टिकली नाही, कारण लगेच शलाका म्हणाली, "तूच आधी लाव ना स्वर. मला माझा आवाजच सापडत नाही. तुझाच धरते."

मग रेवतीने तानपुरा जुळवला आणि खर्जातला षड्ज लावला. शलाका तिच्यामागून आली, चाचपडत, हात धरून जिना उतरल्यासारखी. आज रेवती पुढे होती आणि शलाका मागे. हे सुख इतकं गोड होतं की रेवती रोज त्याची वाट पाहू लागली. ती शलाकाला शिकवू लागली. जीभ कुठे ठेवायची, श्वास पोटात कसा धरायचा, स्वर छातीत कसा उतरवायचा, सगळं. पाया होऊन जे साठवलं होतं ते तिने हातचं न राखता दिलं. पडद्यावरचा उजेड आठवड्यागणिक फिका होत गेला, आणि तिला वाटलं, जरा आणखी, मग आपोआप सगळं संपेल.

*

एका रविवारी सकाळी रेवती अक्कांकडे गेली. अक्कांना आता माणसाची नुसती सावली दिसायची, पण कान शाबूत होते. त्या बाहेरच्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. रेवती उंबऱ्याशी चपला काढत होती, तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून खर्जाचा षड्ज आला. संथ, भरलेला, कडेपर्यंत.

अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी मान आतल्या दिशेला वळवली. "रेवा, कवा आलीस गं? भाईर ये की."

आतून हसू आलं. चहाचा कप घेऊन शलाका बाहेर आली. "अक्का, मी आहे!"

"तू?" अक्का गोंधळल्या. "अगं, ह्यो रेवाचा षड्ज हाय. मी काय वळखत न्हाई व्हय? पुन्यांदा लाव बघू."

शलाकाने कप खाली ठेवला आणि पुन्हा लावला. रेवती उंबऱ्यातच थिजली. तो तिचाच आवाज होता. तिची जीभ, तिचा श्वास, तिने दोन हिवाळे घासून मिळवलेला तो खालचा ओलावा. आवाजाचा रंग फक्त स्वरतंतूत नसतो, तोंडाच्या पोकळीतही असतो, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. पण शलाकाच्या कोवळ्या, नव्या स्वरतंतूने रोज समोरचा एकच आवाज धरून वळण घेतलं होतं, आणि तोंडाची जुळणी रेवतीने स्वतःच शिकवली होती. शिवाय त्यात आणखी काहीतरी होतं, जे रेवतीकडे कधीच नव्हतं. शलाका स्वर लावायची तेव्हा तो ऐकणाऱ्याला हवासा वाटायचा. ते कुठून येतं ते कुठल्याही पट्ट्याने दाखवलं नसतं.

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. "इतकी वर्सं ऐकतीय," त्या म्हणाल्या, "पण रेवाच्या आवाजात काय हाय ते मला आज कळलं बघ."

शलाका वळली आणि तिला रेवती दिसली. "अगं, ये ना! ऐकलंस? अक्कांना मी तू वाटले!"

रेवती आली आणि बसली. तिने चहासुद्धा प्यायला. मत्सर काय चीज आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं. पण आतापर्यंत तिला शलाकाकडे जे होतं त्याचा हेवा होता. आज शलाकाकडे रेवतीचं होतं, आणि तेही रेवतीपेक्षा बरं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका दवाखान्यात पोचायच्या आत रेवतीने पट्टा काढून ठेवला होता.

"आज वर जायचं," ती म्हणाली.

"सूज उतरली?"

"उतरली. चल, मध्य षड्जावरून. हळू."

तिला शलाकाला तिचा आवाज परत द्यायचा होता, कारण तिला स्वतःचा परत हवा होता. तारसप्तक घे बाई, गच्ची घे, टाळ्या घे, मी मागे बसेन, हसेन, पण माझा तेवढा खर्ज मला ठेव. पडद्यावर स्वरतंतूच्या पुढच्या टोकाला अजून एक हिरवी रेघ होती, केसाएवढी. रेवती तिच्याकडे आशेने बघत राहिली.

शलाकाने मींड घेतली. गांधार, पंचम ठीक लागले. धैवतावर आवाज जड झाला. निषादाला टेकला आणि तिथे नुसती हवा आली.

"पुन्हा."

पुन्हा हवाच आली. त्या आठवड्यात त्या रोज बसल्या, आणि रोज आवाज त्याच जागी संपला. मग एका सकाळी पडद्यावर दोन्ही स्वरतंतू सारखेच करडे दिसले. उजेड गेला होता.

डॉ. तांबोळींनी त्या सकाळची चित्रं मोठी करून पाहिली. धागे गवताच्या पेंढीसारखे सरळ असायला हवे होते, ते पडले होते गोधडीच्या टाक्यांसारखे सगळीकडून. "इतके दिवस सूज राहिली?" त्यांनी विचारलं.

रेवतीच्या ओठांवर खरं आलं होतं. बोलले तर नोकरी जाईल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे सगळं तिला दिसत होतं आणि कदाचित तेही सोसलं असतं. पण शलाका माफ करील. गळ्यात पडून माफ करील, आणि गाव म्हणेल, केवढं मोठं मन! ते मात्र रेवतीला सोसवलं नसतं.

"राहिली," ती म्हणाली.

"मग तुमचा इलाज नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "पॉलिमरच त्यांना मानवलं नसेल. पुन्हा उघडून भरता येईल, पण खात्री नाही देत मी. काय करायचं, शलाकाताई?"

शलाका खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग ती म्हणाली, "नको. जे गेलं ते गेलं. मला हा आवाज मिळालाय ना, हा आवडायला लागलाय मला."

"मला नाही आवडत!" रेवती ओरडली.

शलाका उठली आणि तिने रेवतीला घट्ट मिठी मारली. "वेडे, माझ्यापेक्षा तुलाच जास्त लागलंय," ती तिच्या खांद्यावर पुटपुटली. नव्या गळ्याची घरघर रेवतीला हाडांपर्यंत जाणवली.

*

पुण्यतिथीला अक्कांनी दोघींनाही बसवलं. रेवती सकाळी पहिली गायली. तीस-चाळीस माणसं होती, निम्मी सतरंज्या सारखी करण्यात गुंतलेली. तिने जीव ओतून खर्ज लावला. मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं आणि कौतुकाने मान हलवली. तेवढं तिला पुरलं.

संध्याकाळी शलाका शेवटच्या बैठकीला बसली. रेवती नेहमीसारखी मागे, तानपुऱ्यावर. लोक तार षड्जाची वाट बघत होते आणि मनातून घाबरलेही होते. शलाका वर गेलीच नाही. ती खाली उतरली, आणखी खाली उतरली, आणि तिथे इतकी निवांत बसली की मंगल कार्यालयातलं खोकणंसुद्धा थांबलं. मागे बसलेल्या रेवतीला धरायला खालचा स्वरच उरला नाही. गाणं संपलं तेव्हा आधी कुणी टाळी वाजवली नाही. मग सगळे उठून उभे राहिले.

मंचाखाली गर्दी झाली. सांगलीहून आलेल्या एक काकू पाया पडायला पुढे सरकल्या आणि रेवतीला पाहून थबकल्या.

"सकाळी तुम्हीच गायलात ना?" त्यांनी प्रेमाने विचारलं. "मी लगेच ह्यांना म्हटलं, ही शलाकाताईंची शिष्या असणार. काय छाप आहे हो आवाजावर! अगदी तस्साच काढायचा प्रयत्न करता. सोडू नका, जमेल हळूहळू."

शलाकाने ते ऐकलं आणि चटकन काकूंचा हात धरला. "अहो, उलटं आहे! मी हिची शिष्या. हा आवाज हिचा आहे. मी हिच्यासमोर बसून घेतला, एकेक स्वर धरून."

काकूंनी मागे वळून आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत? एवढी मोठी गायिका, आणि बोलणं बघा!" आजूबाजूच्या लोकांनीही ऐकलं. 'काय नम्रता आहे' असं कुणीतरी म्हणालं आणि दोन पोरी शलाकाच्या पायांवर वाकल्या.

"नाही हो, खरंच सांगते," शलाका कळवळून म्हणाली. ती जसजशी सांगत गेली, तसतसे आणखी लोक वाकत गेले.

"खरं आहे ते," रेवती एकदम मोठ्याने म्हणाली. "हा माझाच आवाज आहे."

काकूंच्या चेहऱ्यावरचं कौतुक ओसरलं. त्या रेवतीच्या जवळ आल्या आणि चारचौघांत तिचा अपमान होऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाल्या, "असं बोलू नये, बाई. गुरू मोठ्या मनाने म्हणतात हो. पण शिष्याने लगेच 'हो' म्हणायचं नसतं."

रेवतीने तानपुरा उचलला आणि त्याला गवसणी घालायला घेतली.